लिंक पुन्हा जळली

आमच्या घरातल्या पहिल्या मोटारीबद्दल मी चार गोड शब्द लिहावेत, अशी माझ्या भाचरांची फार इच्छा आहे. त्यांना वाटतं, पहिली मोटार म्हणजे हार घातलेलं बॉनेट, चाकाखाली लिंबं आणि फोटोत दाटीवाटीने उभं असलेलं कुटुंब. तसा फोटो आहे, नाही असं नाही. पण त्या फोटोनंतर काय काय झालं ते त्यांना माहीत नाही. आज साठी उलटून गेली तरी बंद पडलेल्या गाडीचा तो आवाज, म्हणजे किल्ली फिरवल्यावर काहीच आवाज न येणं, आठवलं की माझं डोकं तापतं.

तेव्हा मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होते, इलेक्ट्रिकल शाखेत. वर्गात मुली जेमतेम, आणि घरात माझ्या शिक्षणाची किंमत वीज गेल्यावरच कळायची. ‘सुमी, फ्यूज बघ गं’ म्हणायचे आणि दिवे आले की विसरून जायचे. घर चामराजपेटेत, एका अरुंद गल्लीत, वरच्या मजल्यावर. बाजाराजवळ आमचं शिवणसामानाचं दुकान होतं. बटणं, अस्तर, लेस, कॉलरचं कापड. ते माझे वडील आणि त्यांचे धाकटे भाऊ रघुकाका मिळून चालवत. रघुकाका वडिलांना अण्णा म्हणत, म्हणून आम्हा सगळ्यांच्या तोंडीही अण्णाच बसलं. अण्णा उंच, दाराच्या चौकटीला डोकं लागेल असे. रघुकाका त्यांच्या खांद्याच्याही खाली. ‘आमच्या आईने माप घेताना टेप उलटी धरली’ असं काका स्वतःच सांगायचे आणि स्वतःच हसायचे. स्वयंपाकघर आई आणि शांताकाकू या दोघींचं. सकाळी कॉफीच्या फिल्टरवर चमचा वाजवल्याचा आवाज, कुकरच्या शिट्ट्या, खाली भाजीवाल्याची ‘सोप्पू, सोप्पू’ अशी पालेभाजीची आरोळी आणि या सगळ्यावर अण्णांचा आवाज. आमचे पूर्वज इकडे कन्नड मुलखात येऊन इतक्या पिढ्या झाल्या होत्या, की घरातल्या मराठीत कन्नड कुठून सुरू होतं ते आम्हालाच कळत नसे. पुण्याकडचा एखादा पाहुणा आला की आमचं बोलणं ऐकून गालातल्या गालात हसायचा, आणि आई त्याला मुद्दाम आणखी स्वल्प हुळी, म्हणजे थोडी आंबट आमटी, वाढायची.

गाडी दोघा भावांनी मिळून घेतली होती. जुनीच, एका डॉक्टरांकडून. पहिले काही आठवडे तिने फार चांगले दिवस दाखवले. मग आईला मागच्या सीटवर बसलं की मळमळायला लागलं. अण्णांनी तिच्यासाठी मागे एक छोटा पंखा बसवला. कुणाला न विचारता, दुकानातल्या कात्रीने वायरी कापून, एका रविवारच्या दुपारी. पंखा छान फिरायचा. आई खूश झाली. आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत गाडी पहिल्यांदा मेली.

मेली म्हणजे अक्षरशः मेली. दिवे नाहीत, हॉर्न नाही, स्टार्टरची टकटकसुद्धा नाही. गल्लीच्या तोंडाशी नंजुंडप्पाचं गॅरेज होतं. त्याने बॉनेट उघडलं, बॅटरीजवळची एक वायर दोन बोटांनी ओढून पाहिली आणि म्हणाला, “लिंक होगिदे.” लिंक गेली. त्याने नवीन तुकडा जोडला, गाडी सुरू झाली, आणि सगळ्यांनी नंजुंडप्पाला देव मानलं. हा देव पुढे आमच्याकडे वारंवार येऊ लागला.

ही फ्युझिबल लिंक म्हणजे बॅटरीतून निघणाऱ्या मुख्य वायरीत मुद्दाम घातलेला बारीक वायरीचा वीतभर तुकडा. पुढे कुठेही शॉर्ट झालं तर गाडीची सगळी वायरिंग पेटण्याआधी हा तुकडा आतल्या आत वितळतो आणि वीज तोडतो. वरून धड दिसतो, कारण त्याचं आवरण पेट घेत नाही. पण दोन टोकं धरून ओढलं आणि तो रबरासारखा ताणला गेला, की समजावं, आतलं तांबं संपलं. इतकं साधं आहे. हे मी घरात जेवताना सांगितलं, कॉफी पिताना सांगितलं, दुकानात अस्तराचे गठ्ठे उतरवताना सांगितलं. लिंक जळते हा रोग नाही, पुढे कुठेतरी शॉर्ट होतंय तो रोग आहे. लिंक बदलत बसण्यापेक्षा शॉर्ट शोधू या. यावर अण्णांचं उत्तर ठरलेलं असे: “सरी सरी, बरं. आधी गाडी सुरू होऊ दे, मग तुझं कॉलेज.”

गाडी सुरू झाली की अर्थातच कुणी शोधायला तयार नसे. चालू गाडीला हात लावायचा नाही, हा अण्णांचा नियम. बंद गाडीला हात लावायचा तर ती तातडीने चालू करण्यापुरताच. मग शोधायचं कधी? हा प्रश्न मी त्या काळात भिंतींनाही विचारला असेल. शेवटी जे. सी. रोडवरच्या एका दुकानातून मी स्वतःच लिंकची वायर आणली, योग्य जाडीची, आणि सोल्डरिंग गनने जोडायला शिकले. त्याचा परिणाम एवढाच, की नंजुंडप्पाऐवजी मला हाका येऊ लागल्या. दुकानापुढून, देवळापुढून, एकदा तर एका लग्नाच्या मांडवातून. भरजरी साडी नेसून बॉनेटमध्ये डोकं घातलेली मुलगी पाहून वरपक्षाकडच्या एका बाईंनी आईला विचारलं होतं, “हिला एवढ्यात द्यायची नाही का?” आई म्हणाली, “आधी गाडी द्यायची आहे.”

घरात प्रत्येकाचं एकेक मत होतं. आईच्या मते गाडीला दृष्ट लागली होती. शेजारच्या निवृत्त हेडमास्तरांच्या मते बॅटरी उलट्या दिशेला तोंड करून बसवली होती. नंजुंडप्पाचं मत ‘येनू आगल्ला’, काही होत नाही, आणि ते नेहमी काहीतरी झाल्यावरच ऐकू यायचं. अण्णांना मात्र हळूहळू एक गोष्ट दिसू लागली, आणि दुर्दैवाने ती खरी होती. ते स्वतः गाडी चालवत तेव्हा लिंक जळत नसे. जळायची ती रघुकाका चालवत तेव्हा. काका गाडी घेऊन गेले की दर वेळी नाही, पण जेव्हा जळायची तेव्हा काकाच चाकावर असत. अण्णांनी त्याचा अर्थ लावायला वेळ लावला नाही.

थंडीचे दिवस होते. अवरेकाळूचा, म्हणजे पावट्याचा मोसम. भिजवलेले ते दाणे चिमटीत दाबून साल काढायचं काम आम्ही सगळ्या बायका दुपारभर करत असू. टप टप करत दाणे पातेल्यात पडायचे आणि बोटांना त्यांचा हिरवा वास दिवसभर राहायचा. त्या दिवशी त्याचंच सारू होतं, वर तुपाची फोडणी. दुपारी काका गाडी घेऊन यशवंतपूरकडे माल आणायला गेले होते. ती वाटेत मेली आणि ते मालाचे गठ्ठे रिक्षात घालून परतले होते. दमलेले, घामेजलेले, दोन घास खाल्ले न खाल्ले तोच अण्णांनी सुरू केलं. क्लच असा दाबतोस, किल्ली तशी फिरवतोस, हेडलाइट दिवसा लावून ठेवतोस. काका आधी हसत होते, मग ताटात बघू लागले. मी म्हटलं, “अण्णा, क्लचचा आणि लिंकचा काय संबंध?” अण्णांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. ते काकांना म्हणाले, “तुझ्या हातात कुठली म्हणून गोष्ट टिकते रे?”

शांताकाकू वाढत होत्या. त्यांच्या हातातला डाव सारवात तसाच राहिला.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी आमच्या घरात कुणी कधी सांगत नसे. काका-काकूंना एक मुलगा झाला होता. दोन वर्षांचा असताना तापाने गेला. ताप चढला तेव्हा तो काकांच्या मांडीवर होता. मी तेव्हा लहान होते. मला त्याचे गुबगुबीत पाय आठवतात, एवढंच. त्यानंतर त्यांना मूल झालं नाही. अण्णांच्या मनात त्या वेळी तो मुलगा नव्हता, हे मी शपथेवर सांगू शकते. त्यांच्या मनात गाडी होती, फार तर काकांनी कधीतरी मोडलेलं दुकानाचं शटर असेल. पण वाक्य तोंडातून गेलं की ऐकणाऱ्याचं होतं. काकूंनी डाव खाली ठेवला, हात धुतले आणि त्या आत निघून गेल्या. काका ताटावरून उठले. अण्णा म्हणाले, “आता काय झालं?” खरंच, त्यांना कळलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी काकूंनी मागच्या बाल्कनीत स्टोव्ह पेटवला आणि दोघांपुरता भात लावला. एकाच घरात दोन भात शिजू लागले. आमच्याकडे थोरल्या दिराशी धाकट्या भावजयीने समोरासमोर बोलायचं नाही, अशी जुनी रीत होती. अण्णांना काकूंना काही सांगायचं असलं तर ते आईला सांगत, आई काकूंना सांगे, आणि काकूंचं उत्तर त्याच वाटेने परत येई. दोघं एकाच खोलीत असली तरी. आता त्या वाटेवर ‘रस्ता बंद’ची पाटी लागल्यासारखं झालं. काकू आईशीही कामापुरतंच बोलू लागल्या. काका दुकानात शेजारी बसून गिऱ्हाइकाशी बोलत, अण्णांशी नाही. आणि एक दिवस काकांनी आईला सांगितलं, की के. आर. पुरमला एक भाड्याचं घर बघितलंय, महिना संपला की जाऊ. आईने अण्णांना सांगितलं. अण्णा म्हणाले, “जाऊ दे. गाडी तरी नीट चालेल.” त्या वेळी मला इतका राग आला होता, की मी सोल्डरिंग गन उचलून जिन्यावरून खाली फेकली. ती फुटली नाही. माझीच वस्तू, मीच खाली जाऊन उचलून आणली.

त्याच आठवड्यात अण्णांनी लिंकचा प्रश्न स्वतः सोडवला. मी कॉलेजला गेलेली बघून त्यांनी लिंकचा तुकडा काढून टाकला आणि त्या जागी जाड, तांब्याची साधी वायर घातली. संध्याकाळी मला अभिमानाने दाखवली. “आता जळून दाखव म्हणावं.”

“अण्णा, आता ही जळणार नाही. बाकीचं सगळं जळेल.”

“तू फार पुस्तकं वाचतेस.”

“निदान एक तरी वाचलंय मी. काढा ती वायर.”

“चालू गाडीला हात लावायचा नाही,” अण्णा म्हणाले. मी काढायला गेले तर त्यांनी बॉनेट बंद करून त्यावर हात ठेवला, एखाद्या म्हशीच्या पाठीवर ठेवावा तसा.

आता माझ्याकडे आहे ती गाडी काही बिघडलं की पडद्यावर एक पिवळं चित्र दाखवते. बॉनेट उघडलं तर आत काळं प्लास्टिकचं झाकण. सर्व्हिस सेंटरमधला मुलगा म्हणतो, “मॅडम, आप मत छूना.” मला त्याचा राग येत नाही. निदान तो बॉनेटवर हात ठेवून उभा राहत नाही.

पुढच्याच रविवारी आनेकलला आईच्या भाच्याचा साखरपुडा होता. जायलाच हवं होतं. आणि नेमके अण्णांचे डोळे आले. लाल, सुजलेले, पाणी गळणारे. गाडी चालवणं शक्य नव्हतं. आई बसने जाऊ म्हणाली. पण काका स्वतःच पुढे आले, “वहिनी, मी नेतो.” अण्णांशी नाही, आईशी बोलले. काकू आल्या नाहीत. काकांनी गाडीत बसून सीट पुढे ओढली, अगदी शेवटपर्यंत, तशी ते नेहमीच ओढत, नाहीतर त्यांचे पाय पोचत नसत. त्यांच्या शेजारी मी, मागे आई आणि काळा चष्मा लावलेले अण्णा. आईचा पंखा चालू. डोळे मिटलेले असूनही अण्णा मागून सूचना देत होते. “गियर बदल आता... आवाज ऐकतोयस का?” काकांचे कान लाल झाले होते.

आनेकलच्या अलीकडे, शेतं सुरू होतात तिथे, रस्ता खराब होता. एका खड्ड्यातून गाडी आदळली आणि आई म्हणाली, “काहीतरी करपतंय का?” मी मागे वळले तर काकांच्या सीटखालून धूर येत होता, पांढरा, कडू वासाचा. मग डॅशबोर्डच्या फटीतूनही येऊ लागला. काकांनी गाडी कडेला घेतली, किल्ली काढली. धूर थांबला नाही. थांबणारच नव्हता. किल्ली बंद केल्याने काय होतंय, वीज थेट बॅटरीतून येत होती, आणि तिला तोडायला तिथे लिंकच नव्हती. काका आईला आणि अण्णांना बाहेर ओढत होते. मी बॉनेट उघडलं. बॅटरीची वायर इतकी तापली होती की तिचं आवरण मेणासारखं लोंबत होतं. पदर हाताला गुंडाळला आणि बॅटरीवरची वायरीची पकड दोन्ही हातांनी पिळून उपटली. नेहमी ढिली असायची म्हणून मी अण्णांकडे कुरकुर करत असे. त्या दिवशी ढिली होती म्हणून निघाली. पदराला भोकं पडली आणि उजव्या तळव्याची कातडी सोलली गेली. धूर हळूहळू विरला.

काका माझा हात बघून घाबरे झाले आणि पाणी, मलम, काहीतरी शोधायला रस्त्याने पुढे एका टपरीकडे धावत गेले. मी डाव्या हाताने त्यांची सीट मागे ढकलली आणि खालची चटई उचलली. तिथे होतं सगळं. पंख्याची वायर, अण्णांनी दुकानातल्या कात्रीने कापून बसवलेली. डॅशबोर्डमागे मुख्य वायरीला, फ्यूजच्याही आधी जोडलेली, चटईखालून आणि चालकाच्या सीटखालून मागे नेलेली. सीट मागे असली की ती मोकळी राही. पूर्ण पुढे ओढली की सीटच्या पट्टीची धार तिच्यावर बसत असे. अण्णांची सीट मागे, काकांची पुढे. खड्डा लागला की पट्टी वायरीला चावायची. एवढंच होतं. इतके महिने एवढंच होतं.

अण्णा चष्मा काढून वाकून बघत होते. त्यांच्या सुजलेल्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण ते आजाराचंच होतं. त्यांनी चटई परत खाली सोडली. मग म्हणाले, “सुमी, रघूला हे सांगू नकोस.”

माझा हात आगीसारखा जळत होता. मी म्हटलं, “अण्णा, तुम्हीच सांगा. नाहीतर मी सांगेन, आणि मी नीट सांगणार नाही.”

“मी सांगतो,” अण्णा म्हणाले. “मला स्वल्प वेळ दे.”

किती वेळ हवा होता ते देवाला ठाऊक. गाडी दोरीने ओढत नंजुंडप्पाकडे आणली. हाताला पट्टी बांधलेली असल्याने मी सांगायचे आणि तो वायरी बदलायचा. बारीक लिंक पुन्हा जागेवर आली. पंख्याची वायर फ्यूजमधून, दाराच्या कडेने नेली. गाडी मुकाट्याने चालू लागली. आणि अण्णा तितकेच मुकाट्याने बसून होते. मी रोज सकाळी त्यांच्याकडे बघायचे, ते पेपर वर करायचे. काकांनी के. आर. पुरमला जाण्यासाठी खोकी आणली. मी पट्टी बांधलेला हात मुद्दाम अण्णांच्या पेपरसमोरून फिरवायचे. काही उपयोग नाही. शेवटी आईचा संयम संपला. अण्णा तिला म्हणाले, “रघूला सांग, की वायरीचं...” तिने त्यांना तिथेच अडवलं.

“मी यापुढे कुणाचा निरोप नेणार नाही,” आई म्हणाली. “आणि रघूभावजींना तर तुम्ही एक वाक्य बोलून मोकळे व्हाल, ते हसून सोडूनही देतील. जिला लागलंय तिच्याशी बोला.”

“तिच्याशी? मी?”

“हो. तुम्हीच.”

ते के. आर. पुरमचं घर पुढे दुसऱ्याच कुणी घेतलं, आणि काका-काकू शेवटपर्यंत आमच्यातच राहिले. पण ते ठरलं त्या दुपारी, आणि ते मी पाहिलं. काकू मागच्या बाल्कनीत स्टोव्हसमोर बसून चपात्या लाटत होत्या. अण्णा दाराशी येऊन उभे राहिले. काकूंनी पदर डोक्यावर ओढला आणि सवयीने आईला शोधलं. आई आतल्या खोलीत होती, आणि आतच राहिली. अण्णांनी घसा खाकरला.

“शांता,” ते म्हणाले. मी त्यांच्या तोंडून हे नाव पहिल्यांदाच ऐकत होते. “वायर माझी होती. रघूची काही चूक नव्हती. आणि त्या दिवशी जेवताना मी बोललो ते गाडीचं बोललो. बाळाचं नव्हतं ते. माझ्या मनातही नव्हतं.”

काकूंचं लाटणं थांबलं. मग त्या, मान खाली घालूनच पण सरळ अण्णांना, म्हणाल्या, “मनात नव्हतं तेच लागलं, भावजी. तो कधीच कुणाच्या मनात नसतो. या घरात त्याचं नावसुद्धा कुणी घेत नाही. आत्ताही तुम्ही बाळ म्हणालात.”

अण्णांनी दाराची चौकट धरली. एवढा उंच माणूस, मी त्यांना तसं वाकलेलं कधी पाहिलं नव्हतं.

“श्रीधर,” ते म्हणाले.

तव्यावरची चपाती करपत होती. काकूंनी ती उलटली नाही. “अजून एकदा म्हणा,” त्या म्हणाल्या.

आणि अण्णांनी पुन्हा म्हटलं, या वेळी जिन्यात खोकी घेऊन थबकलेल्या रघुकाकांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.